बसून घेतलेल्या नोंदी

तन्वी आणि ईशान,

मागच्या डिसेंबरात तुम्ही परदेशी परत निघालात तेव्हा गाडी फाटकापाशी उभी होती, आजोबा तिसऱ्यांदा बॅगा मोजत होते आणि मी व्हरांड्यातल्या खुर्चीतून उठले नाही. तुम्ही दोघं येऊन पाया पडलात, मी बसल्याबसल्या डोक्यावर हात ठेवला. गाडीत ईशाननं विचारलं म्हणे, "आजी आपल्यावर रागावली आहे का?" तुमच्या बाबानं नंतर फोनवर ते हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

या डिसेंबरात तुम्ही पुन्हा येणार आहात. कदाचित यावेळीही मी लगेच उठणार नाही. त्याचं कारण आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणून आता लिहिते आहे. आणखी एक कारण आहे. माझ्या आईलाही हाच आजार होता असं मला आता वाटतं. तेव्हा त्याला नाव नव्हतं. तिला नुसतं आळशी म्हणत. उद्या तुमच्यापैकी कुणाला असं काही झालं तर ते घरात पहिल्यांदाच घडतंय असं वाटू नये.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. हैदराबादच्या मिशनच्या शाळेत शिकून मी पुढं चौतीस वर्षं वसमतच्या मुलींना इंग्रजी शिकवलं. पण इंग्रजीत मी फार नीटनेटकी होते, आणि या सगळ्यात नीटनेटकेपणानंच माझा घात केला. तेव्हा मराठीतच. अडलं तर बाबाला विचारा.

कागद

घरातल्या कुकरची रिंग कधी बदलली तेसुद्धा मला सांगता येतं. हे कधी सुरू झालं ते सांगता येत नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. कुणी गेलं नव्हतं, घरात भांडण नव्हतं. सकाळी जाग आली की एवढंच वाटायचं, आता पुन्हा आंघोळ करायची, पुन्हा केस विंचरायचे. पेपर उघडून एकच ओळ चार-पाच वेळा वाचायची आणि घडी घालून ठेवायची. एकदा भाजीवाल्यानं विचारलं, "बाई, मेथी का पालक?" मला ठरवता येईना. मी त्याला तसाच उभा ठेवून रडत आत आले. आजोबा बाहेर गेले आणि दोन्ही घेऊन आले.

वसमतमध्ये मला सगळे ओळखतात, म्हणून आजोबांनी मला नांदेडला नेलं. मनाच्या आजारांचे तिथले डॉक्टर वयस्कर होते. काय काय होतं ते मी इंग्रजीत लिहून नेलं होतं, क्रमांक घालून, एक ते अकरा. त्यांनी कागद पूर्ण वाचला, घडी केली आणि म्हणाले, "छान लिहिलंय. आता मराठीत सांगा."

मला "कशातच जीव लागत नाही हो" एवढंच बोलता आलं. आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले.

डिप्रेशन आहे, डॉक्टर म्हणाले. मधुमेहाला मधुमेह म्हणावं तशा आवाजात म्हणाले. त्या आवाजाचा मला फार आधार वाटला.

पहिल्या दोन गोळ्या नव्या होत्या. एकीनं पोटात अन्न ठरेना, दुसरीनं हात इतके कापायला लागले की चहाचा कप धरवेना. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांनी तिसरी दिली, इमिप्रामीन. "ही जुनी आहे, मी शिकत होतो तेव्हाची," ते म्हणाले. "हिच्या कलानं घ्यावं लागतं. आधी हृदयाचा आलेख काढू. तोंड कोरडं पडेल. उठताना सावकाश उठायचं. चक्कर आली तर मला कळवायचं." मी सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं, शेवटचं वाक्यसुद्धा.

काही आठवडे काहीच झालं नाही. मग नवरात्रात एक दिवस भाजीवाल्याला "मेथी" म्हणून मी आत आले, आणि निम्मी जुडी निवडून झाल्यावर लक्षात आलं की मी ठरवलं. पेपर वाचला, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. दुसऱ्या दिवशी आजोबांनी आणखी एक पेपर सुरू केला.

या गोळीनं मला काय परत दिलं ते तुम्हाला कळावं म्हणून हे लिहिलं. पुढं मी जो मूर्खपणा केला तो त्यापायी केला.

इलायचीची डबी

दिवाळीनंतर उठताना डोळ्यांपुढं अंधारी येऊ लागली. आधी कधीतरी, मग रोज. ओट्याचा आधार घेतला की जायची. तुम्ही आलात तेव्हा ती चांगलीच वाढली होती. फाटकापर्यंत यायला निघाले असते तर तुमच्या देखत पडले असते.

नांदेडला दर महिन्याला जात होते. डॉक्टर विचारायचे, "चक्कर?" मी म्हणायचे, "नाही." खरं सांगितलं तर ते गोळी बंद करतील, ही एकच भीती. तो भाजीवाल्यापुढचा दिवस पुन्हा नको होता.

गोळ्यांची पाकिटं मी इलायचीच्या जुन्या डबीत ठेवत असे. घरात येणारं-जाणारं माणूस कपाट उघडतं, पाकिटावरचं नाव वाचतं. शेवंताबाईला मात्र काहीच लपून राहिलं नाही. ती जवळच्या तांड्यावरून आमच्याकडे स्वयंपाकाला येते, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. एकदा खीर करताना ती म्हणाली, "बाई, तुमची इलायची निराळ्याच झाडाची दिसून राहिली." आणि डबी होती तिथं ठेवून दिली. पुढं कधी विषय काढला नाही.

हळदीकुंकू

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या थोरल्या जाऊबाईंकडे होतं. मोठ्या बायकांच्या वाकून पाया पडायची आपल्याकडे रीत. मी चौऱ्याहत्तर वर्षांची असले तरी त्या घरात 'धाकली'च आहे. जाऊबाईंच्या पायांना हात लावला, सरळ झाले, आणि पुढचं आठवतं ते थेट वरचा पंखा. माझ्याभोवती दहा-बारा बायका.

"बीपी वाढलं बाईंचं!"

"लई विचार करतेत. शिकलेल्या बायकांना बीपी असतंयच."

कुणीतरी लिंबूपाणी आणलं. जाऊबाई ओरडल्या, "मीठ घातलंस का त्यात? अगं फेक ते! बीपीच्या माणसाला मीठ म्हंजे जहर!"

"साखर घालू का मग, काकू?"

"घाल. शुगर न्हाई तिला."

तुम्हाला हे तिकडं कसं समजावू? आपल्याकडे बीपी म्हणजे वाढलेलं बीपी. चक्कर आली, घाम आला, माणूस पडलं की वाढलं. बीपी खालीही जातं हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण दहा बायका एका सुरात बोलू लागल्या की वाचलेलं कुठं आठवतं? आणि खरं सांगायचं तर ते निदान मला सोयीचंही होतं. बीपी अख्ख्या वसमतला आहे. त्याची लाज वाटत नाही.

दुसऱ्याच दिवशी आजोबा मला गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे. जिने चढून धापा टाकत खुर्चीत बसले तोच त्यांनी पट्टा बांधला. आकडा वाढलेला आला, येणारच. त्यांनी विचारलं, "मॅडम, आणखी कुठली गोळी चालू आहे का?"

दाराशी केसपेपर लिहायला बसलेली बाई माझी विद्यार्थिनी होती. दहावी ब, मागच्या बाकावरची. ती माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं. वर्गात उत्तर सांगावं तसं, स्वच्छ.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. तेही काही बोलले नाहीत.

म्हणजे असं झालं: नांदेडला गोळी माहीत होती, चक्कर माहीत नव्हती. वसमतला चक्कर माहीत होती, गोळी माहीत नव्हती. दोन चांगल्या डॉक्टरांना मी अर्धी अर्धी बाई दाखवली. त्यांनी आपापल्या अर्ध्याला औषध दिलं.

वही

आता बीपी कमी करणारी गोळी सुरू झाली. ताटातलं मीठ गेलं, लोणचं गेलं. शेवंताबाई वरण वाढताना तोंड फिरवायची. "बिनमिठाचं वरण ढोरालाबी देत न्हाई बाई," म्हणायची.

तुमच्या बाबानं बीपीचं यंत्र पाठवलं. त्याबरोबरची पुस्तिका मी पूर्ण वाचली. आधी पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, पाय जमिनीवर ठेवा, बोलू नका. त्याप्रमाणे रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सहाला, त्याच खुर्चीत. वहीत आडव्या-उभ्या रेघा आखून तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा. एकशे तीसच्या आसपास, रोज. इतकी सुंदर वही मी शाळेतही ठेवली नव्हती.

आणि खुर्चीतून उठले की भिंत धरत होते.

"आकडे तर बराबर आहेत," आजोबा म्हणायचे. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जन्म गेला त्यांचा, आकड्यांवर भारी विश्वास. "मग तुला होतंय तरी काय?"

मला माहीत नव्हतं. माझाही आकड्यांवर विश्वास होता.

फेब्रुवारीत, शिवारात हळद शिजायची चालू होती तेव्हा, एका सकाळी न्हाणीघरात पाटावरून उठले आणि गेले. डावं मनगट मोडलं, कपाळाला चार टाके पडले. आजोबांना दार मोडावं लागलं. ते घाबरून मला "मॅडम, मॅडम" अशी हाक मारत होते. एरवी चिडवायला मारतात ती हाक. दुसरी त्या क्षणी त्यांना सुचली नसावी.

बंद

त्या दिवशी बाबाला फोनवर सगळं सांगावं लागलं, डबीसकट.

"आई, तू मला सांगितलं नाहीस."

"तू तिकडं काय करणार होतास?"

"काय करणार म्हणजे? आधी ती गोळी बंद कर. आजपासून. इतकी जुनी औषधं इकडं आता फारशी कुणी देत नाही, मी वाचलंय. तुझ्या वयाला तर नाहीच. आणि तिकडं राहणं पुरे झालं तुमचं."

त्याच्यावर रागावू नका. तो भ्यायला होता. माणूस लांब असलं की त्याला दोनच गोष्टी करता येतात, वाचणं आणि बजावणं.

मी गोळी बंद केली. डॉक्टरांना न विचारता, एका दिवसात. हा या गोष्टीतला माझा सगळ्यात वाईट निर्णय, खोटं बोलण्यापेक्षाही वाईट. तुम्ही असं कधी करू नका. पहिले काही दिवस मळमळ, घाम, वाईट स्वप्नं. मग चक्कर कमी झाली. बाबा फोनवर म्हणाला, "बघ, सांगितलं होतं ना."

दोन-तीन आठवड्यांनी पेपरातली ती एकच ओळ परत आली.

त्या दिवसांविषयी मी फारसं लिहिणार नाही. मनगट प्लास्टरमध्ये होतं, त्यामुळे मी झोपून असण्याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. बायका भेटायला यायच्या, मनगटाची चौकशी करायच्या, मी मनगटाबद्दल बोलायचे. आजोबांनी दुसरा पेपर बंद केला. वहीतल्या नोंदी मात्र मी एकही दिवस चुकवल्या नाहीत. सात आणि सहा. जगण्याची इच्छा नसलेली बाई आखलेल्या रकान्यात आकडे भरत होती.

एका सकाळी शेवंताबाईनं माझ्यापुढं चहा ठेवला आणि ती आजोबांकडे वळली. "साहेब, बाईला नांदेडला न्या. मी बी येते. तुमी दोघं तिथं खरं बोलत न्हाई."

तीन मिनिटं

आम्ही तिघं गेलो. मी पडले आणि गोळी बंद केली, एवढं सांगून टाकलं. वही मी बरोबर घेतली होती. डॉक्टरांनी ती चाळली. "असं लिहिणारा पेशंट मला आजवर भेटला नाही. हे सगळं बसून घेतलंय?"

"पुस्तिकेत तसंच सांगितलंय," मी म्हटलं.

"आणि चक्कर बसल्यावर येते?"

मी उत्तर द्यायच्या आत शेवंताबाई बोलली. "कशाची बसल्यावर, डाक्टरसाहेब! बसल्या की बाई राणीवानी असतेत. उठल्या की जातेत. दिवाळीपासून बघून राहिले मी. म्हणून तर ओट्यापाशी इस्टूल ठेवलं."

स्टूल मी पाहिलं होतं. ते शेवंताबाईच्या गुडघ्यांसाठी असेल असं समजत होते.

"दिवाळीपासून?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग आजोबांनी खिशातून बीपीच्या गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "त्या डॉक्टरांना आम्ही हिच्या मनाच्या गोळीचं सांगितलं नाही. मी तिथंच बसलो होतो. मीही नाही सांगितलं."

माझ्या नवऱ्यानं माझी चूक निम्मी वाटून घेतली, ती पहिल्यांदा.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मला पलंगावर आडवं केलं, पट्टा बांधला. एकशे बत्तीस. मग हात धरून उभं केलं आणि घड्याळ बघत राहिले. मला बोलायचं नव्हतं. एक मिनिट. खोलीच्या कडा काळ्या होऊ लागल्या. तीन मिनिटं व्हायच्या आधीच शेवंताबाईनं मागून काखेत हात घातले. अठ्ठ्याऐंशी.

"हा जुनी गोळी बंद असतानाचा आकडा आहे," ते म्हणाले. "ती चालू होती आणि वर ही बीपीची, तेव्हा काय होत असेल? त्यात जेवणातलं मीठ बंद. बाई, वही सुरेख आहे. पण हिच्यात तुम्ही कुठंच उभ्या नाही."

ते वाक्य कितीतरी दिवस माझ्या कानात होतं.

त्यांनी विचारलं, "आता तुमचं काय म्हणणं? गोळी पुन्हा सुरू करायची तर चक्करेचा धोका थोडा राहणारच. हाड पुन्हा मोडू शकतं."

मी कागद नेला नव्हता. मी म्हटलं, "पडायची मला भीती वाटते. पण झोपून राहायची जास्त वाटते."

त्यांनी माझ्यासमोरच वसमतच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघं दहा मिनिटं बोलले. बीपीची गोळी बंद झाली. आठवडाभरानं, उभ्यानं आकडा सुधारल्यावर, जुनी गोळी अगदी थोडी सुरू केली आणि सावकाश वाढवत नेली, पण पूर्वीइतकी नाही. माझं हृदय आणि मूत्रपिंड तपासून त्यांनी बेताचं मीठ परत दिलं. हे माझ्यापुरतं आहे, सगळ्यांना लागू नाही. शेवंताबाईनं त्या संध्याकाळी वरणाला फोडणी घातली आणि मी जेवत असताना समोर उभी राहिली.

गाय कशी उठते

उठायचं कसं ते डॉक्टरांनी सांगितलं, शिकवलं मात्र शेवंताबाईनं. "तुमी बाई घंटा झाल्यावानी एकदम काहून उठता? गाय बघा. आधी मागलं अंग उचलती, जराशी थांबती, इकडं तिकडं बघती, मग पुढलं. कुटं पळायचं असतं तिला?"

"मी गाय आहे का गं?"

"गाय असत्या तर पडल्या नसत्या."

आता मी पलंगाच्या कडेला बसते, पाय हलवते, शंभरपर्यंत मोजते. मग उभी राहते आणि पलंगाचा दांडा धरून पुन्हा पन्नास. गावातल्या डॉक्टरांच्या केसपेपरवर आता इमिप्रामीनचं नाव आहे, माझ्या त्या विद्यार्थिनीच्याच अक्षरात. लिहिताना तिनं मान वर केली नाही. मग हळूच म्हणाली, "बाई, माझ्या आईलाबी मनाची गोळी चालू हाय." मला त्या दिवशी फार थकल्यासारखं झालं. इतके महिने मी कुणापासून काय लपवत होते?

जाऊबाईंना मी खुर्चीतूनच नमस्कार करते. त्यांना ते आवडलेलं नाही. "शिकलेली ना," म्हणतात. म्हणू देत.

बाबा अजून म्हणतो, तिकडं या. आम्ही अजून नाही म्हणतो. उभ्याचे आकडे चांगले आहेत तोवर तो गप्प आहे. दर रविवारी मी त्याला ते पाठवते, खरे.

उरलेलं

मी बरी झाले असं लिहिणार नाही. काही सकाळी ती ओळ दोनदा वाचावी लागते. तोंड सतत कोरडं असतं. मनगट थंडीत दुखतं. आजोबा मी न्हाणीघरात असले की बाहेर खुर्ची टाकून बसतात आणि पेपर वाचायचं सोंग करतात. दाराची कडी त्यांनी काढून टाकली आहे. या सगळ्याचा दोघांनाही कंटाळा येतो, आणि कधी कधी आम्ही त्यावरून भांडतो.

डिसेंबरात तुम्ही फाटकातून आत याल तेव्हा मी खुर्चीतच असेन. घाई करू नका. बॅगा ठेवा, पाणी प्या. मी मनात शंभर मोजत असेन, तेवढ्यात मला काही विचारू नका. मग उठेन. आणि जाताना फाटकापर्यंत येईन, फक्त निघायच्या आधी पाच मिनिटं मला सांगा.

वहीत आता एक रकाना जास्त आखला आहे. आज सकाळी सात वाजता, बसून एकशे तीस. उभ्यानं, तीन मिनिटांनी, एकशे चौदा. पेपर वाचला. मेथी घेतली.